ट्रकवाले स्पीड लिमिट का मोडतात? खरंच समजून घ्यायचंय

मधली_लेन

नमस्कार मंडळी. रोज जाऊन-येऊन दीडेकशे किलोमीटर हायवेवर कार चालवतो आणि गेली चार वर्षं एकच प्रश्न डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकतो.

ट्रकसाठी बोर्डावर ८० लिहिलंय. मी पण ८० वरच क्रूझ लावून कडेच्या लेनमध्ये निवांत चाललेलो असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आरशात बघावं तर मागे रस्ता नाही, आकाश नाही, नुसती ट्रकची जाळी. डिपरवर डिपर. बाजूला होईपर्यंत पिच्छा सोडत नाही, मग घुंऽऽ करून पुढे जातो. आणि गंमत म्हणजे तोच पठ्ठ्या पुढच्या चढावर ३० ने रखडलेला असतो, मी त्याला ओलांडून जातो, चढ संपून उतार लागला की परत हा माझ्या मागे हजर. अरे मग मिळवलंस काय? दुसरं म्हणजे ते दोन ट्रक शेजारी शेजारी पाच-पाच मिनिटं चालतात, एक दुसऱ्याला ओव्हरटेक करतोय म्हणे, आणि मागे गाड्यांची वरात.

घरी बसून हिशोब पण केला. ६०० किमी जायचंय, ८० ने साडेसात तास, ९० ने सहा तास चाळीस मिनिटं. फरक ५० मिनिटं, ते पण कुठेच थांबला नाही तर. ५० मिनिटांसाठी स्वतःचा जीव आणि माझा जीव? आणि ह्या गाड्यांना स्पीड लिमिटर असतो ना, तो काय शोभेला?

त्या धंद्यातलं कुणी इथं असेल तर सांगा. शिव्या घालायला धागा काढलेला नाही, पण खरं सांगतो, आरशात ती जाळी दिसली की पोटात गोळा येतो.

स्पष्टच_बोलतो

सोपं आहे, पकडले जात नाहीत म्हणून. कॅमेऱ्याचा खांब दिसला की हेच सगळे कसे शहाण्या बाळासारखे रांगेत जातात बघा, आणि खांब मागे पडला की परत सुरू. म्हणजे लिमिट किती आहे ते माहीत असतं, ब्रेक कुठे असतो तेही माहीत असतं. बाकी सगळ्या कहाण्या. आता इथे कुणीतरी येऊन पोटापाण्याची कारणं देईल, थांबा जरा.

बारावा_गिअर

घ्या, आलो मी कारणं द्यायला 😀

मधली लेनवाले भाऊ, २३ वर्षं अवजड गाडी चालवली, आता गुडघ्यामुळे बंद आहे त्यामुळे कुणाची भीडभाड न ठेवता लिहितो. लिमिट मोडली का, तर मोडली, ढिगानं मोडली. बरोबर केलं असं म्हणत नाहीये, तुम्ही का विचारलंत म्हणून का ते सांगतो.

तुमचा ५० मिनिटांचा हिशोब आकड्यात बरोबर आहे पण तो कारवाल्याचा हिशोब आहे. तुम्ही ऑफिसला वीस मिनिटं उशिरा गेलात तर वीसच मिनिटं उशीर होतो ना. आमच्यात तसं नसतं. माल उतरवायची वेळ ठरलेली असते, त्याला स्लॉट म्हणतात. १० चा स्लॉट आहे आणि मी १०.२० ला गेटवर टेकलो तर आतला माणूस मान वर न करता म्हणतो लाइनला लावा, नंबर आला की बघू. तो नंबर संध्याकाळी येतो नाहीतर दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे वीस मिनिटांचा उशीर झाला की अख्खा दिवस गेला, परतीचं भाडं गेलं, त्याच्या पुढची खेप दुसऱ्याला गेली. तुमच्या वहीत ५० मिनिटं दिसतात, मला तिथं एक दिवस दिसायचा.

आणि उशीर रस्त्यावर होतच नाही हो सहसा. एकदाचं सांगतो. पहाटे ५ ला लोडिंगला गाडी लावली. टोकन मिळालं, सातवा नंबर. ८ ला फोर्कलिफ्टवाल्याची पाळी बदलली, नवीन माणूस यायला तास गेला. ११ ला कळलं की पावतीवरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नाही, परत काट्यावर जा. परत आलो तर डॉकवर दुसरीच गाडी लागलेली. दुपारी साडेतीनला ताडपत्री ओढून दोरी आवळली आणि निघालो. साडेदहा तास झाले, त्यातलं खरं काम असेल दीड तासाचं. आणि ह्या साडेदहा तासांचे मला मिळाले शून्य, कारण हिशोब खेपेवर, चाक फिरलं तर पैसा. आता पोचायची वेळ? ती तशीच, मी सकाळी ७ ला निघेन असं धरून काढलेली. फोन आला, निघालास का, म्हटलं आत्ता निघतोय, तर म्हणे बरं, वेळेत पोच. संपलं. २३ वर्षांत एकाही मालकानं मला तोंडानं "पळव" म्हणून सांगितलेलं नाही. सांगायची गरजच पडत नाही ना.

गोडाऊनमध्ये मी कुणाला काय बोलणार, तिथं ड्रायव्हरला बसायला खुर्ची नसते. मग दिवसभरात माझ्या हातातली एकच गोष्ट उरते ती म्हणजे उजव्या पायाखालची.

आता चढ-उताराचं. भरलेली गाडी ४० टनाची असेल तर चढावर इंजिन काय करणार, ३० तर ३०. म्हणून चढ यायच्या आधीच जमेल तेवढा वेग जमवून ठेवायचा, तेवढाच चढ निम्मा आपोआप निघतो, खाली पाडावे लागणारे दोन गिअर वाचतात. तुम्ही जे डिपर खाताय ना ते बऱ्याचदा अशाच जागी खात असणार, उतार संपून चढ लागायच्या थोडं आधी. त्या जागी पुढं कुणी ८० वर क्रूझ लावून बसला की ड्रायव्हरच्या जिवाची तगमग होते, कारण एकदा पाय ब्रेकवर गेला की तो जमवलेला वेग गेला, परत आणायला दोन-तीन मिनिटं आणि डिझेल. हे तुम्हाला कळणार नाही कारण तुमची गाडी पाय ठेवला की पळते. पण अंगावर जाणं चूकच, त्याचं समर्थन नाही. मी पण गेलोय, आज आठवलं तरी लाज वाटते.

अजून एक, केबिनची उंची. जमिनीपासून आठ-साडेआठ फुटांवर डोळे असतात, तिथून रस्ता सावकाश सरकतो. कारमध्ये ८० ला पांढरे पट्टे सपासप जातात, वर बसलं की तेच पट्टे आरामात येतायत असं वाटतं. सलग चार तास मोठ्या रस्त्यावर चालवून गावातल्या रस्त्याला लागलात की ६० म्हणजे गाडी उभीच आहे असं वाटतं, काटा बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही.

आणि रिकामी गाडी. परतीचं भाडं नाही मिळालं तर रिकामं यायचं, त्याचे पैसे निम्मे किंवा नाहीतच, मग कोण रेंगाळणार. गाडी पण हलकी, पळते. सगळ्यात जास्त वेग लोक रिकाम्या गाडीत मारतात आणि रिकामी गाडीच ब्रेकला वाईट असते, मागची चाकं उड्या मारतात. हे नवीन पोरांना पटत नाही.

मधली_लेन

काका, स्लॉटचं हे डोक्यातच नव्हतं आलं. म्हणजे वीस मिनिटांची किंमत एक दिवस. धन्यवाद एवढं मोकळेपणानं लिहिल्याबद्दल. पण मग मी ८० वर चाललोय हा माझा गुन्हा झाला का?

बारावा_गिअर

छे हो, तुमचा कसला गुन्हा. फक्त पुढं चढ दिसला आणि मागे जाळी दिसली तर जाऊ द्या त्याला. तो वर जाऊन रखडणारच आहे.

वर्गशिक्षिका

मी भौतिकशास्त्र शिकवते, ट्रक कधी चालवलेला नाही. काकांचं सगळं वाचलं, स्लॉटचं पटलं, पण रस्त्याला तुमचा स्लॉट माहीत नसतो त्यामुळे थोडे आकडे देते, वहीवर करून बघा हवं तर.

४० टन, ताशी ८० किमी. त्या गाडीत साधारण एक कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते. ९० ला ती सव्वा कोटी होते आणि १०० ला एक कोटी चोपन्न लाखांच्या आसपास. म्हणजे वेग सव्वापट केला की ऊर्जा दीडपटीच्या वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. ही सगळी ऊर्जा थांबताना ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता म्हणून जायला हवी. नाही गेली तर पुढच्या गाडीच्या पत्र्यात जाते.

आता थांबायचं अंतर बघा. ड्रायव्हरला दिसून पाय दाबून एअर ब्रेक धरेपर्यंत दीड सेकंद धरू, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले, दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रति सेकंदानं कमी होतोय असं धरू. ८० ला गाडी ८३ मीटरमध्ये थांबते. १०० ला ११९ मीटर लागतात. लोक म्हणतात ३६ मीटरचाच तर फरक आहे. पण असं विचारा की ८० वाली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी १०० वाली किती वेगात असते? उत्तर ६८. ताशी ६८ किमी. मुलांना वर्गात हे गणित घातलं की पहिल्यांदा कुणालाच पटत नाही, मग स्वतः करून बघतात आणि गप्प होतात.

उतारावरचं तर अजून वेगळं. १०० मीटरला ६ मीटर उतरणारा रस्ता घ्या, म्हणजे बोर्डावर ६ टक्के लिहिलेलं असतं तो. ४० टनाची गाडी तिथं ८० नं उतरत असेल तर हवेचा आणि चाकांचा विरोध वजा करूनही सव्वाचारशे किलोवॅटच्या आसपास शक्ती कुठेतरी जिरवावी लागते, नाहीतर वेग वाढत राहणार. खोलीत लावायचे दोन-दोन किलोवॅटचे दोनशेच्या वर हीटर एकदम चालू केल्यासारखं, सतत, उतार संपेपर्यंत. हे सगळं पायातल्या ब्रेकवर टाकलं तर लाइनर तापून पकड सोडतात. म्हणून तर पायातल्या ब्रेकशिवाय गाडी रोखणारे एक्झॉस्ट ब्रेक, रिटार्डर, खालचा गिअर. ४० नं उतरलात तर तीच शक्ती साधारण निम्मी होते, यात काही जादू नाही.

काकांचं डिझेलचं म्हणणं पण तपासलं हो, खोटं नाहीये. शून्यापासून ८० पर्यंत ४० टन न्यायला नुसत्या गतिज ऊर्जेसाठीच ०.७ लिटर डिझेल जातं, इंजिन ४० टक्के कार्यक्षम धरून. म्हणजे एकदा पूर्ण थांबून परत निघालं की पाऊण लिटर गेलं म्हणा. ते ब्रेक का टाळतात ते मला आत्ता हे गणित करताना कळलं. पण तेच ड्रायव्हर सरळ रस्त्यावर ८० ऐवजी ९५ नं जातात तेव्हा हवेचा विरोध चाळीस टक्क्यांनी वाढतो, तिथं डिझेल दिसत नाही का?

बारावा_गिअर

बाई, डिझेल मालकाचं असतं आणि वेळ माझी असते. ज्याला डिझेलचा हिशोब द्यावा लागतो तो सरळ रस्त्यावर ९५ नं जात नाही, अनुभव आहे.

आणि उतारावर गाडी न्यूट्रल करणारे महाभाग पण आहेत, डिझेल वाचतं म्हणून. नव्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही आणि गाडी हातातून जाते. किती जणांना सांगितलं.

कॅलिब्रेशनवाला

लिमिटरचा विषय निघाला म्हणून लिहितोय, रोजचं काम हेच आहे, टॅकोग्राफ (गाडीचा वेग आणि ड्रायव्हरचे तास नोंदवणारं यंत्र) आणि लिमिटर सेट करणं.

लिमिटर शोभेला नाही, पण लोकांना वाटतं तेवढं तो करत पण नाही. लिमिटर काय करतो, ठरलेल्या वेगाला डिझेल तोडतो. बस. ब्रेक लावत नाही. त्यामुळे उतारावर गाडी ८० ची ९५ झाली तर लिमिटर बिचारा आधीच डिझेल बंद करून बसलेला असतो, खाली ओढतंय ते वजन. मधली लेन साहेब, तुम्हाला उतारावरच जाळी दिसते ना, त्याचं हे एक कारण.

दुसरं, लिमिटरला रस्ता कळत नाही, त्याला एकच आकडा कळतो. युरोपात १९९२ च्या नियमानं आधी १२ टनांवरच्या मालगाड्यांना ९० चा लिमिटर आला, नंतर साडेतीन टनांवरच्या सगळ्यांना. पण जर्मनीत ऑटोबानवर ट्रकची लिमिट आहे ८० आणि साध्या रस्त्यावर जड ट्रकला ६०. मग काय होतं, सगळे ८५-८९ ला चिकटून चालतात, कारण गाडी तेवढं जाऊ देते. जो आकडा "याच्या वर नाही" म्हणून ठेवला तोच ड्रायव्हरचा नेहमीचा वेग होऊन बसतो. आणि ६० च्या रस्त्यावर ९० चा लिमिटर काय कामाचा. भारतात ८०, ऑस्ट्रेलियात १००, कॅनडात ओंटारिओ आणि क्युबेकमध्ये २००९ पासून १०५, कुठलाही आकडा घ्या, गोष्ट तीच.

पाच मिनिटांच्या ओव्हरटेकचं पण यातच आहे. दोन्ही गाड्या लिमिटरवर चालल्यात, एकीचा ८८ ला लागलाय एकीचा ९० ला, टायरच्या झिजेनंसुद्धा एवढा फरक पडतो. मागच्याला पुढे जायचंय. पन्नास मीटर मागून सुरू करून पन्नास मीटर पुढे जाऊन परत लेनमध्ये यायचं, दोन्ही गाड्यांची साडेसोळा-साडेसोळा मीटर लांबी धरा, म्हणजे १३३ मीटर जास्त काढायचे आणि वेगातला फरक ताशी २ किमी. चार मिनिटं लागतात. तेवढ्यात सहा किलोमीटर रस्ता संपतो. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात, आणि २००८ मध्ये तिथल्या हाम शहरातल्या वरच्या कोर्टानं म्हटलं की ओव्हरटेक ४५ सेकंदांच्या आत व्हायला हवा, म्हणजे साधारण १० किमीचा तरी फरक हवा. दोघांना ९० चा लिमिटर लावून दिल्यावर तो १० चा फरक आणायचा कुठून हे कोर्टानं नाही सांगितलं 😅

आता खरी गंमत. वेळेवर नियंत्रण आणलं की वेग वाढतो. अमेरिकेत ड्रायव्हरला दिवसात ११ तास चालवता येतं, आणि ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आतच. ते १४ तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की साधारणपणे थांबत नाही, डॉकवर बसलात तरी चालू. काकांची ती साडेदहा तासांची गोष्ट तिथं घडली असती तर हातात उरले साडेतीन तास. पूर्वी कागदी वही होती, त्यात थोडं इकडचं तिकडं करता यायचं, डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं. त्यावर नंतर अभ्यास झाला तर दिसलं की तासांचे नियम जास्त पाळले गेले, पण छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांची वेगाची उल्लंघनं वाढली, आणि अपघात काही कमी झाल्याचं दिसलं नाही. वहीत चोरायचे ते तास रस्त्यावर चोरायला लागले. त्यात रात्री गाडी लावायला जागा मिळायची मारामार, घड्याळ संपायच्या आत जागा गाठायची म्हणून शेवटचा अर्धा तास लोक जे चालवतात ते बघवत नाही.

फसवाफसवी पण सांगतो, गुपित नाहीये. गिअरबॉक्सच्या सेन्सरला मॅग्नेट लावायचा, टॅकोग्राफला वाटतं गाडी उभी आहे, ड्रायव्हर आराम करतोय. गाडी प्रत्यक्षात धावतेय. एकदा आमच्याकडे अशी गाडी आली होती, कागदावर सहा तास उभी आणि बोनेटखाली हात लावला तर भाजेल इतकी गरम, ड्रायव्हर म्हणे गाडी सावलीत नव्हती. म्हणून मग युरोपात २०१९ च्या जूनपासून नव्या गाड्यांना स्मार्ट टॅकोग्राफ आला, तो सॅटेलाइटवरून पण ताडून बघतो.

स्पष्टच_बोलतो

छान माहिती. आता मला सांगा, वरचं सगळं वाचून माझं म्हणणं कुठे चुकलं? मॅग्नेट लावणारा माणूस काय डॉकवर उशीर झाला म्हणून लावतो? लायसन्स माहीत, लिमिट माहीत, मोडायची पद्धत पण माहीत. माझ्या चुलत भावाच्या गाडीला मागून ट्रक लागला, दोन वर्षं झाली, अजून कुबडी सुटलेली नाही त्याची. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक लागला नाही. ब्रेक लागला होता हो, पोलिसांनी मोजल्या होत्या खुणा. वेग जास्त होता.

बारावा_गिअर

याच्यावर मी काही बोलणार नाही भाऊ. भावाला लवकर बरं वाटो.

लेक_ड्रायव्हरची

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझे बाबा तीस वर्षं ट्रकवर होते. लहानपणी बाबा बाहेर असले की आई रात्री फोन लावून माझ्या हातात द्यायची आणि मी विचारायचे बाबा कधी येणार, सकाळी मी शाळेत जायच्या आधी येणार ना. ते म्हणायचे हो येतो. आणि यायचेच, डोळे लाल, बूट न काढता खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचे. मला खूप भारी वाटायचं की बाबा शब्द पाळतात. आता गाडी चालवायला लागले तेव्हा एकदा नकाशावर बघितलं की ते रात्री फोन कुठून करायचे आणि सकाळी सातला घरी कसे काय असायचे. बघितल्यावर नकाशा बंद केला. मालक आणि गोडाऊन ठीक आहे हो, पण फोनवर मी पण होते ना.

वर्गशिक्षिका

❤️

खेप_पाठवणारा

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. गाड्या लावणं, ड्रायव्हरला वेळा देणं, "निघालास का" हा फोन करणं हे माझं काम. काकांनी वर लिहिलेला फोन मीच केला असेन असं वाटत होतं वाचताना.

आम्ही वेळ कशी काढतो ते सांगतो. अंतर भागिले सरासरी वेग. सरासरी वेग कुणीतरी कधीकाळी सॉफ्टवेअरमध्ये भरलेला असतो, ६० किंवा ६५. आता ज्या गाडीची लिमिट ८० आहे ती सरासरी ६५ पडायला किती वेळ ८० वर राहायला हवी विचार करा, मधे चढ आहेत, गाव आहेत, टोल आहे, ड्रायव्हरला बाथरूमला जायचंय. सॉफ्टवेअरला हे काही नसतं. मग तो वेळ ग्राहकाला दिला जातो, ग्राहक त्यावर त्याचा डॉक लावतो, त्याच्या डॉकवर उशीर झाला की दंड आम्हाला. तो दंड ड्रायव्हरच्या खात्यात कसा जातो ते इथं लिहीत नाही, समजून घ्या.

वाईट काय आहे की सगळ्यांना माहीत आहे. ग्राहकाला, मला, मालकाला. मी स्क्रीनवर बघतो ना गाडी ९२ नं चाललीय, जीपीएसवर लाल ठिपका येतो, अलर्ट येतो. दिवसाला एवढे येतात की आम्ही आवाज बंद करून ठेवलाय. महिन्याच्या शेवटी वेगाचा रिपोर्ट निघतो, तो फाइलला लागतो. उशिराचा रिपोर्ट मात्र रोज सकाळी साडेनऊला निघतो आणि त्यावर मीटिंग असते.

काही ठिकाणी कायद्यानं यात हात घातलाय. युरोपात २००६ च्या नियमात आहे की किलोमीटरवर, मालाच्या वजनावर किंवा लवकर पोचवण्यावर असा पगार किंवा बोनस द्यायचा नाही, ज्यानं रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. ऑस्ट्रेलियात अजून पुढे गेलेत, तिथं वेळापत्रक असं लावलं की ते लिमिटमध्ये राहून पाळताच येणार नाही, तर ड्रायव्हरबरोबर वेळापत्रक लावणाऱ्याला, माल भरणाऱ्याला, माल पाठवणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं. म्हणजे माझ्यासारखा माणूस कोर्टात. खरं सांगू, असं आमच्यावर असतं तर मी तो ६५ चा आकडा दुसऱ्याच दिवशी बदलला असता.

जपानचं पण वाचलं होतं, तिथं एप्रिल २०२४ पासून ड्रायव्हरांच्या ओव्हरटाइमला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली, माल पोचणार कसा म्हणून ओरड झाली, आणि त्याच महिन्यात एक्सप्रेसवेवर मोठ्या ट्रकची लिमिट ८० ची ९० केली. तास कमी केले तर वेग वाढवा, सरकारनं सुद्धा तेच केलं जे काका करायचे 🙂

कॅलिब्रेशनवाला

हे भारी होतं. आवाज बंद करून ठेवलेला अलर्ट म्हणजे आमचा अख्खा धंदा.

स्पष्टच_बोलतो

खेप साहेब, प्रामाणिक लिहिलंत त्याबद्दल मानलं. तरी पायाखालचा पेडल ड्रायव्हरचाच, हे मी सोडणार नाही. पण आता खांबाशेजारी तुमच्या ऑफिसचा फोटो पण लावावा असं वाटतंय.

मधली_लेन

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वर्गशिक्षिका ताई, ते ६८ चं गणित मी पण करून बघितलं, बरोबर येतंय, झोप उडाली.

खेप साहेबांना एक शेवटचा प्रश्न. तुम्ही गाडीची वेळ लावता त्या सॉफ्टवेअरमध्ये डॉकवर थांबायचा वेळ भरायला जागाच नसते का? म्हणजे काकांचे ते साडेदहा तास कुठेतरी दिसायला पाहिजेत ना.

खेप_पाठवणारा

असते ना, कॉलमच आहे. लोडिंगला थांबण्याचा वेळ, तासात. रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही, म्हणून आम्ही सगळे तिथं शून्य टाकतो.